पेंथिअसचं मुंडकं

नाटकात कापलेलं मुंडकं लागलं की दिग्दर्शक दोन जातींचे निघतात. एकाला ते इतकं हुबेहूब हवं असतं की पहिल्या रांगेतल्या बाईंनी किंचाळलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, ‘लाल फडक्यात काहीतरी गुंडाळून द्या ताई, बाकी नट बघून घेईल.’ मी नाटकांची प्रॉपर्टी बनवते. तलवारी, पानदानं, कंदील, फोडायच्या बाटल्या. आणि ऐतिहासिक नाटकं जोरात होती तेव्हा मुंडकीही पुष्कळ केली. एका तरुण दिग्दर्शकाने युरिपिडीसच्या ‘द बॅकी’ची संहिता माझ्या हातात ठेवली आणि मुंडक्याचे डोळे उघडे करायचे की मिटलेले, एवढंच विचारलं, तेव्हा तो मला तिसऱ्याच जातीचा वाटला. नाटक वाचल्याशिवाय उत्तर देता येणार नव्हतं. वाचलं, आणि प्रश्न थेट धर्माचा निघाला.

गोष्ट ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. डायोनिसस हा मद्याचा, उन्मादाचा आणि नाटकाचाही देव. थीब्जची राजकन्या सेमिली हिला झ्यूसपासून झालेला मुलगा. तिच्या बहिणी मात्र म्हणत, कसला झ्यूस न काय, कुणा माणसाची भानगड हिने देवाच्या नावावर खपवली. त्याचा सूड घ्यायला देव माणसाच्या रूपात थीब्जला येतो आणि मावश्यांसकट गावातल्या साऱ्या बायकांना वेड लावून किथायरॉन डोंगरावर नेतो. तरुण राजा पेंथिअस, म्हणजे देवाचा मावसभाऊच, हे थेर मोडून काढायला निघतो. शेवटी त्याची आई अगावी उन्मादाच्या भरात त्याला सिंह समजून बाकीच्या बायकांसह हातांनी फाडते आणि त्याचं डोकं घेऊन, शिकार साधली म्हणून मिरवत गावात येते. युरिपिडीसने हे आयुष्याच्या अखेरीस मॅसिडोनियात लिहिलं. इ.स.पू. ४०५ च्या सुमारास, तो वारल्यावर, ते अथेन्सला डायोनिससच्याच उत्सवात झालं आणि पहिलं बक्षीस घेऊन गेलं. ज्या देवाने आईकडून मुलगा मारवला त्याच्याच जत्रेत, त्याच्याच पुजाऱ्याला पुढच्या मानाच्या आसनावर बसवून! त्या पुजाऱ्याचं तोंड बघायला मिळायला हवं होतं.

आपल्याकडे आई लेकाला कौतुकाने ‘माझा वाघ’ म्हणते. तो वाघ नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर म्हणण्यात गोडी. शाळेत संस्कृतच्या बाईंनी आम्हाला रूपक आणि भ्रांतिमान हे दोन अलंकार एका तासात उरकले होते. मुखाला चंद्र म्हणणारा कवी चुकलेला नसतो. तो जाणूनबुजून म्हणतो. चेहऱ्यालाच चंद्र समजून झेपावणारा चकोर मात्र फसलेला असतो. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. या दोन अलंकारांच्या मधल्या अंतरात एक अख्खी शोकांतिका बसते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. अगावीचं तेच झालं आहे. ‘आहे’च्या जोडीला जे गुपचूप ‘नाही’ असायला हवं, ते देवाने काढून घेतलं. उरला तो नुसता सिंह.

पेंथिअसची गत उलटी. त्याला ‘आहे’ कधी दिसतच नाही. हातातली वेल गुंडाळलेली काठी म्हणजे काठी, मोकळे केस म्हणजे न्हाव्याचं काम, परका पाहुणा म्हणजे तुरुंगात टाकायचा माणूस. तो पाहुण्याचे केस कापतो, काठी हिसकावतो आणि त्याला तबेल्यात बांधायला जातो. घामाघूम होऊन, ओठ चावत, त्याने जे बांधलं तो बैल होता. देव शेजारी स्वस्थ बसून बघत होता. असा सरळसोट माणूस एकदा फिरला की पुरता फिरतो. बायका डोंगरावर काय करतात ते चोरून बघायचं या आमिषाने तो स्वतः बाईचा वेश घ्यायला कबूल होतो आणि महालातून बाहेर येतो तेव्हा त्याला दोन सूर्य दिसतात, थीब्ज नगरं दोन दिसतात, पाहुण्याच्या डोक्यावर शिंगं दिसतात.

यानंतरचा छोटा प्रवेश मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. देव राजाला तयार करतो. कपाळावरची सुटलेली बट आत खोचतो. कंबरपट्टा सैल झालाय, झग्याच्या चुण्या एका बाजूने नीट पडत नाहीत, त्या सारख्या करतो. राजा मान वळवून टाच बघतो आणि विचारतो, मी उभा कसा दिसतो, मावशीसारखा की आईसारखा? एंट्रीच्या आधी विंगेत हे रोज चालतं. रंगभूषा झाली की नट आरशात बघून नेमकं हेच विचारतो. फरक इतकाच की इथे कपडेपट सांभाळणारा नटाला मारायला पाठवतो आहे, आणि नटाला आपण नाटकात आहोत हे माहीत नाही.

आणि आईसारखा दिसतो का, या प्रश्नात आणखी एक मेख आहे. ग्रीक शोकांतिकेत तीनच नट साऱ्या भूमिका वाटून घेत. पेंथिअस आणि अगावी एकत्र कधीच रंगमंचावर येत नाहीत. तेव्हा दोघांचं काम एकाच नटाने केलं असणार, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. म्हणजे ‘आईसारखा दिसतो का’ असं विचारणारा नट थोड्या वेळाने खरोखरच आई होऊन येतो. मग त्याच्या हातातलं मुंडकं कसलं? बहुधा मघाचा पेंथिअसचा मुखवटाच. हे मुखवटे खळ देऊन कडक केलेल्या कापडाचे वगैरे असत. टिकाऊ नव्हते, त्यामुळे त्यातला एकही आज शिल्लक नाही, भांड्यांवरची चित्रं आणि भाजक्या मातीच्या प्रतिकृती तेवढ्या आहेत. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी भोकं असतात. मागून नटाचे डोळे बघतात म्हणून तो जिवंत. नट बाजूला झाला की भोकं राहतात. मघाशी ज्या भोकांतून राजाने दोन सूर्य पाहिले, त्याच भोकांकडे आता तोच नट आईच्या डोळ्यांनी बघतो आहे.

दिग्दर्शकाला मी तिथेच कळवून टाकलं की डोळे उघडेही नाहीत, मिटलेलेही नाहीत. भोकं ठेवणार.

डोळ्यांबद्दल मी एवढी हट्टी का, ते सांगायला हवं. आमचं घर पेणचं. अण्णांचा गणपतींचा लहानसा कारखाना होता. साच्यातून मूर्ती काढणं, जोड बुजवणं, हात बसवणं, कलर, सोनेरी, हे सगळं घरातलं कोणीही करी. डोळ्यांची आखणी मात्र अण्णा स्वतः करत, सगळ्यात शेवटी, सकाळी, पोटात चहाशिवाय काही नसताना. आखणीच्या आधी फळीवरच्या मूर्ती म्हणजे माल. आम्ही पोरं त्यांच्यामधून बेधडक पळायचो. आखणी झाली की त्याच मूर्तीसमोर पाय आपोआप सांभाळून पडायचा. तरीही अण्णा कुणाला हात जोडू देत नसत. म्हणत, ‘अजून देव आलेला नाही. तो गिऱ्हाइकाच्या घरी यायचाय.’

प्राणप्रतिष्ठा चतुर्थीला त्यांच्या पाटावर व्हायची. आणि मग उत्तरपूजा. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, तेवढ्याने देव निघाला. मग तीच मूर्ती डोक्यावर घेऊन, ओरडून ओरडून, पाण्यात सोडायची. घरातलं लहान मूल तेव्हा हमखास रडतं आणि मोठी माणसं त्याला समजावतात, तीही थोडी ओल्या डोळ्यांनीच. या धर्मात देवाला आत यायचा विधी आहे तसा बाहेर जायचाही आहे. माती देव होते आणि पुन्हा माती होते, आणि दोन्ही वेळा आपण शुद्धीवर असतो. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी प्रतीकाच्या उपासनेचा नियम फार व्यवहारी भाषेत घालून दिला आहे: खालच्यात वरचं पाहावं, वरच्यात खालचं पाहू नये. सारथ्याला राजाचा मान दिला तर बिघडत नाही. राजाला सारथ्यासारखं वागवलं तर धडगत नाही. शाडूत गजानन पाहणं चालतं. पोटच्या पोरात जनावर पाहणं चालत नाही.

इथवर सगळं सोयीचं होतं. हे असंच लिहून संपवलं असतं तर आमचा धर्म शहाणा, त्यांचा वेडा, असा निकाल लागला असता आणि वाचक खूश झाले असते. पण गोरा कुंभार आडवा आला.

तेरचा गोरोबा. माती तुडवतो आहे, तोंडाने विठ्ठलाचं नाम चालू आहे. बायको मूल त्याच्याजवळ सोडून पाण्याला गेली आहे. मूल रांगत चिखलात येतं आणि गोरोबाच्या पायाखाली तुडवलं जातं. त्याला पत्ता नाही. महिपतीच्या भक्तविजयात ही कथा आहे, कीर्तनात आहे, अशोकजी परांजपे यांच्या संगीत नाटकातून ती रंगभूमीवरही आली. आमच्याकडे आजी सांगायची. ती ‘मूल तुडवलं गेलं’ इथून ‘पंढरीला कीर्तनात मूल रांगत आलं’ इथपर्यंत एका दमात पोचायची, मधे श्वास घ्यायची नाही. लहानपणी मला त्यात काही खटकलं नाही. पुढे स्वतः माती तुडवली तेव्हा खटकलं. शाडू पायाने तुडवताना तळव्याला बारीकसा खडासुद्धा लगेच कळतो. तो कळावा म्हणूनच पायाने तुडवायची; खडा राहिला की सोंड वाळताना तडकते. गोरोबा जन्माचा कुंभार. त्याच्या तळव्याला कळलंच असणार. मनाला कळलं नाही.

अगावीही डोंगरावर हेच करते. निरोप्या सांगतो, पेंथिअसने डोक्यावरचं बायकी बंधन काढून फेकलं, आईने ओळखावं म्हणून. तिच्या गालाला हात लावला, मी तुझाच मुलगा म्हणाला. तिच्या तोंडाला फेस होता, बुबुळं फिरलेली होती. तिने त्याच्या बरगड्यांवर पाय रोवला आणि खांदा उपटला. देव अंगात भरलेला, आणि पायाखाली स्वतःचं मूल. दोन गोष्टींचा सांगाडा एकच आहे. नुसत्या शेवटाने एक शोकांतिका झाली आणि दुसरी संतकथा.

गोरोबाच्या कथेत मला आता सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची बायको. घागर घेऊन परत येते आणि बघते. साऱ्या कथेत जे समोर आहे तेच पाहणारी ती एकटी. ती विठ्ठलाला शिव्या घालते. तो तिच्या अंगावर धावून जातो तेव्हा त्याला विठ्ठलाचीच आण घालते, मला हात लावशील तर. रागाच्या भरातलं बोलणं ते. त्याने तेही शब्दशः घेतलं आणि तिला पुन्हा कधीच हात लावला नाही. पुढे त्या आणेपायी स्वतःचे हात तोडून घेतले. एकदा ‘नाही’ हरवलं की प्रत्येक शब्द लोखंडाचा होतो. शेवटी पंढरपूरला कीर्तनात हात परत येतात, मूलही येतं.

यावर एक सोपं मत असं की संतकथेने पळ काढला, मूल परत आणून रडू पुसलं. मला तसं वाटत नाही. मूल गमावलेली कितीतरी घरं वारीत चालत असतात. त्यांना कुणीतरी ‘येईल परत’ म्हणणारं हवं असतं आणि ते म्हणणं खोटं ठरवायला मी कोण? पण माझा वाद त्या मुलाच्या परत येण्यातून जो अर्थ काढला जातो त्याच्याशी आहे. देवाने मूल परत दिलं म्हणून पायाखाली बघायचं नाही असं ठरत नाही. भक्ती इतकी असावी की भान हरपावं, असं आपण फार सहज म्हणतो. भान हरपल्यावर कोणाचं काय तुडवलं जातं ते बघायला घरात कुणीतरी भानावर लागतं, आणि बहुतेक वेळा ती पाण्याला गेलेली बाई असते. युरिपिडीसने मूल परत दिलं नाही. त्यामुळे त्याला तो पुढचा प्रवेश लिहावा लागला, जो आपल्या कथेला लागला नाही: भानावर आणण्याचा.

तो प्रवेश म्हाताऱ्या कॅडमसचा. अगावीचा बाप, पेंथिअसचा आजोबा. हा काही मोठा सत्यवादी नव्हे. नाटकाच्या सुरुवातीला तो आणि आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस असे दोघं म्हातारे डोंगरावर नाचायला निघतात. टायरेसिअस पंडित आहे; डिमीटर म्हणजे धान्याची जमीन, डायोनिसस म्हणजे द्राक्षाचा रस, असा देवांचा सोपा उलगडा त्याच्याकडे तयार असतो. कॅडमसचा हिशेब आणखी साधा: तो देव नसला तरी आहे म्हण, घराण्याचं नाव होतं, खोटं बोलल्याने आपलं काय जातं? सोयीचं खोटं बोलणाऱ्या या माणसावरच शेवटी खरं दाखवण्याची पाळी येते. डोंगरावरून नातवाचे तुकडे गोळा करून तो आलेला आहे. समोर मुलगी उभी आहे, हातात डोकं, आणि सांगते आहे की पेंथिअसला बोलवा, शिडी लावून हे सिंहाचं डोकं महालावर ठोकू दे.

कॅडमस तिला ‘हे तुझ्या मुलाचं डोकं आहे’ असं सांगत नाही. आधी म्हणतो, वर आभाळाकडे बघ. ते तसंच आहे की बदललंय? ती म्हणते, मघापेक्षा स्वच्छ दिसतंय, उजळ. मग विचारतो, मनातली ती फडफड अजून आहे का? तिला प्रश्न नीट कळत नाही, पण काहीतरी उतरतंय असं वाटतं. मग, लग्न होऊन तू कुणाच्या घरात गेलीस? एकिऑनच्या. तुम्हा दोघांना मुलगा कोण झाला? पेंथिअस. आणि आता: तुझ्या हातात कुणाचं तोंड आहे? ती म्हणते, सिंहाचं. शिकार करणाऱ्या बायका तसं म्हणाल्या. ‘म्हणाल्या’ असं ती म्हणते तिथेच खिळा निघालेला आहे. आतापर्यंत तो सिंह होता, आता तो सिंह असल्याचं कुणीतरी सांगितलेलं आहे. कॅडमस म्हणतो, नीट बघ, बघायला फारसे कष्ट नाहीत.

आपल्याकडे अंगात आलेल्या बाईला विचारतात, ‘तू कोण?’ आणि उत्तर देवी देते. कॅडमस विचारतो, तुला कुणाच्या घरी दिली, आणि उत्तर बाई देते. पत्ता विचारत विचारत तो तिला घरापर्यंत आणतो. ही उत्तरपूजाच आहे, फक्त मूर्ती हलवायच्या ऐवजी नजर जागेवरून जराशी हलवली. दुर्दैव हे की देव निघून गेल्यावर हातात माती उरत नाही.

हुबेहूब मुंडकं इथे सगळा घात करतं. मेणाचं, काचेच्या डोळ्यांचं, मानेतून रक्त ठिबकणारं मुंडकं आणलं की प्रेक्षक अगावीच्या आधी दचकतो, किंवा पोरं मागून हसतात. दोन्हीत तो तिला सोडून जातो. प्रेक्षकाला एकाच वेळी दिसायला हवं की हा कागदाचा मुखवटा आहे, हा पेंथिअस आहे, आणि तिला हा सिंह दिसतो आहे. काश्मीरच्या शंकुकाने रंगमंचावरच्या रामाबद्दल हेच म्हटल्याचं अभिनवगुप्त नोंदवतो: चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो ते ज्ञान खरं नव्हे, खोटंही नव्हे, संशय नव्हे, नुसतं साम्यही नव्हे. अभिनवगुप्ताला ते पटलं नव्हतं. आम्हा प्रॉपर्टीवाल्यांचं पोट मात्र त्या घोड्यावरच चालतं.

खरं मुंडकं आणलं तर काय होतं, याचा दाखला इतिहासात आहे, आणि तोही याच नाटकाचा. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हीच्या लढाईत पार्थियनांनी रोमन फौजेचा फडशा पाडला. सेनापती क्रॅसस मारला गेला. त्याचं शिर आर्मेनियाच्या राजवाड्यात पोचलं तेव्हा तिथे पार्थियन राजा ओरोडीस सोयरिकीसाठी आलेला होता आणि ट्रॅलिसचा जेसन नावाचा नट ‘द बॅकी’ सादर करत होता. प्लूटार्क सांगतो, जेसनने पेंथिअसचा सरंजाम दुसऱ्याच्या हाती दिला, क्रॅससचं डोकं उचललं आणि ते धरून अगावीचं विजयगान म्हटलं. मंडळी खूश झाली. हा कुणी मारला, असा प्रश्न गाण्यात आला तेव्हा प्रेक्षकातून क्रॅससला मारणारा उठला आणि ओरडला, हे माझं वाक्य आहे. राजाने त्याला इनाम दिलं, नटाला एक टॅलेंट. पण त्या रात्री कॅडमस झाला नसणार. कसा होणार? क्रॅससचं डोकं कितीही निरखून बघितलं तरी ते क्रॅससचंच. नाटक अर्ध्यावर तुटून दरबार झाला. ज्यांना ही गोष्ट अभिनयाचा कळस वाटते त्यांच्याशी माझं जमत नाही.

पोलस नावाच्या नटाची गोष्ट मला अधिक सतावते. तो सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’त काम करत होता. भावाच्या अस्थींचा कलश घेऊन इलेक्ट्रा रडते तो प्रवेश. पोलसने स्वतःच्या नुकत्याच वारलेल्या मुलाच्या अस्थी आणल्या आणि तो कलश कवटाळून रडला. ऑलस जेलिअस लिहितो की तिथे अभिनय राहिला नाही, खरा शोक झाला. पण नाटकात तो कलश खोटा आहे. भाऊ जिवंत आहे, शेजारीच उभा आहे. मेल्याची हूल उठवायला कलश आणलाय. इलेक्ट्राचं रडणं प्रेक्षकाला पिळवटतं ते त्याला हे ठाऊक असतं म्हणून. जिथे रिकामा कलश हवा तिथे पोलसने भरलेला नेला. बाप म्हणून त्याच्यापुढे माझी मान खाली आहे. प्रॉपर्टी माझ्या ताब्यात असती तर तो कलश मी विंगेतून पुढे जाऊ दिला नसता.

तर मुंडकं मी असं केलं. पेंथिअसच्या नटाच्या तोंडावरून शाडूचा साचा, त्यावर वर्तमानपत्राचा लगदा, खळ आणि कसर लागू नये म्हणून मेथीची पूड. केस सुतळीचे, एक बट कपाळावर सुटलेली, तीच जी देवाने आत खोचली होती. रक्त अजिबात नाही. डोळ्यांच्या जागी भोकं. फक्त एक लबाडी केली: आत वाळूची पुरचुंडी शिवून टाकली. तोंड खोटं, वजन खरं. नटीने हात उंच करून यायचं, आणि कॅडमस एकेक प्रश्न विचारत असताना तो हात आपल्याआप खाली येत जायचा, अभिनय न करता. ती दोन तालमींनंतर माझ्यावर चिडली होती, दंड दुखतो म्हणून. दुखू दे म्हटलं, अगावीचाही दुखला असेल.

नाटकाच्या शेवटी देव प्रकट होतो आणि शिक्षा सांगतो. कॅडमस म्हणतो, देवांनी रागाच्या बाबतीत माणसांसारखं असू नये. देव म्हणतो, माझ्या बापाने हे केव्हाच ठरवलं होतं. एवढंच. हे उत्तर पुरेसं नाही आणि नाटककाराने ते पुरेसं केलेलं नाही. रूपक शिकवणारा देव वेगळा आणि त्यातलं ‘नाही’ काढून घेणारा देव वेगळा, असं मला म्हणावंसं वाटतं. नाटक तसं म्हणू देत नाही. एकच आहे. प्रेक्षकांना मुखवट्यापलीकडचं दाखवणारा आणि अगावीला मुलगा दिसू न देणारा, दोन्ही डायोनिससच.

आणि अगावी भानावर आल्यावर मुलाचा देह मांडीवर घेऊन जो विलाप करते, तो बहुतेक सगळा हरवला आहे. हस्तलिखितात तिथे खंड पडलाय. अभ्यासक तो भाग ज्यावरून अदमासाने जुळवतात त्यात एक ख्रिस्ती बायझंटाइन काव्यनाट्य आहे, जुन्या शोकांतिकांच्या ओळी उचलून रचलेलं. त्यात मेरी क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्तासाठी रडते. मुलाला फाडणाऱ्या आईचे शब्द धर्माने जगातल्या सगळ्यात निष्पाप आईच्या तोंडी घातले, आणि ते तिला शोभले.

मराठीत हे नाटक करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती. हरवलेली जागा किंकाळ्यांनी भरू नका. रक्ताचे फुगे मागू नका, मी देणार नाही. आणि अगावीसाठी मोठी नटी शोधत बसण्याआधी कॅडमस ठरवा. आमच्या तालमीत तो ओरडायचा, आणि ओरडला की पोरीचा हात खाली यायच्या आत प्रवेश संपायचा. आभाळाकडे बघ हे वाक्य जो हळू, घरच्यासारखं म्हणू शकेल असा म्हातारा आधी मिळवा. मुंडकं मी आठ दिवसांत करून देते.